नोंद किती, हद्द कोठवर?

सरकारी संकेतस्थळांकडे आपण अजूनही केवळ सोयीच्या दृष्टीने पाहतो. दाखला घरबसल्या मिळतो की नाही, अर्ज भरताना यंत्रणा मध्येच बंद पडते काय, मराठी मजकूर धड वाचता येतो काय, ह्या तक्रारी रास्त आहेत आणि त्या होत राहिल्या पाहिजेत. परंतु ह्या संकेतस्थळांच्या पोटात आणखी एक यंत्रणा चालू असते आणि तिच्याविषयी सार्वजनिक चर्चा जवळजवळ होतच नाही. ही यंत्रणा येणाऱ्या-जाणाऱ्यांची मोजणी करते. कोणते पान किती जणांनी उघडले, ते कोठून आले, किती वेळ थांबले आणि पुढे कोठे गेले, ह्याची ती नोंद ठेवते. तिला वेबसाइट ॲनॅलिटिक्स असे म्हणतात. ती बसवताना काही सूचना द्याव्या लागतात. पानाच्या पत्त्याचा कोणता भाग लिहून घ्यायचा, कोणता गाळायचा आणि कोणकोणती डोमेन ‘आपली’ समजायची, हे तिला सांगावे लागते. ह्या सूचना कोणी तरी यंत्रज्ञ अर्ध्या तासात भरून मोकळा होतो, किंवा काहीच न भरता मूळची मांडणी तशीच ठेवतो. ह्या अर्ध्या तासात जे ठरते ते वस्तुतः तंत्राचे नसून धोरणाचे असते, आणि सार्वजनिक संस्थांच्या बाबतीत ते उघडपणे व काही तत्त्वाला धरून ठरले पाहिजे, एवढेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

प्रथम पत्ता म्हणजे काय ते पाहू. यूआरएल ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या पत्त्यात आरंभी डोमेन असते. ते घराचे नाव. मग तिरप्या रेघांनी तोडलेला मार्ग येतो. ती घरातली खोली. त्यानंतर पुष्कळदा एक प्रश्नचिन्ह येते आणि त्याच्यापुढे काही शब्द व त्यांची मूल्ये जोडीजोडीने लिहिलेली असतात. प्रश्नचिन्हाच्या अलीकडचा भाग बहुधा पानाविषयी बोलतो. पलीकडचा भाग मात्र पुष्कळ वेळा माणसाविषयी बोलू लागतो. शोधाच्या चौकटीत टाइप केलेला शब्द, अर्जाचा क्रमांक, ई-मेलचा पत्ता, विसरलेला पासवर्ड बदलण्यासाठी दिलेली एकवेळची किल्ली, हे सारे तेथे येऊन बसू शकते. मोजणीयंत्रणेला कोणी वेगळे सांगितले नाही तर ती हा पत्ता बहुतेक अख्खाच्या अख्खा उचलते आणि आपल्या वहीत लिहून ठेवते.

ह्यातून काय होऊ शकते ह्याचे उदाहरण अमेरिकेने घालून दिले आहे. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यानुसार तेथील संघराज्य सरकारने ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ सुरू केले. ज्यांना नोकरीतून विमा मिळत नाही अशा लोकांना परवडेल ती योजना निवडता यावी, हा त्याचा हेतू. जानेवारी २०१५ मध्ये असोसिएटेड प्रेस ह्या वृत्तसंस्थेने आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन ह्या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने उघडकीस आणले की ह्या संकेतस्थळावर योजनांची चौकशी करणाऱ्याचे वय, तो धूम्रपान करतो की नाही, ती स्त्री गरोदर आहे की नाही, राहण्याच्या भागाचा टपाल क्रमांक आणि वार्षिक उत्पन्न ही माहिती पानाच्या पत्त्यातच, प्रश्नचिन्हाच्या पुढे, लिहिली जात होती. आणि तो पत्ता बाहेरच्या अनेक कंपन्यांच्या डोमेनकडे जात होता. फाउंडेशनने अशी किमान १४ डोमेन मोजली. त्यांत जाहिरातींचा व्यवहार करणारी, गूगलच्या मालकीची डबलक्लिक ही कंपनीही होती. बोभाटा झाल्यावर काही दिवसांतच सरकारला ही गळती आवरावी लागली.

ह्या प्रकरणात कोणी माहिती चोरली नव्हती, किंवा कोणा मंत्र्याने ती विकण्याचा हुकूमही काढला नव्हता. अर्जाची माहिती पत्त्यात लिहिणे हे एका यंत्रज्ञाला सोपे वाटले. बाहेरच्या कंपन्यांची मोजणीची साधने पानावर बसवणे हे दुसऱ्याला उपयुक्त वाटले. आणि पान उघडताना बाहेरून काही मागवले की ‘मी अमुक पत्त्यावरून मागतो आहे’ असे ब्राउझर सांगत असे, हा त्या वेळचा रिवाजच होता. तीन निर्दोष गोष्टी एकत्र आल्या आणि गरोदर स्त्रीची खाजगी बाब जाहिरातदाराच्या दारात जाऊन पडली. ‘आमचा तसा हेतू नव्हता’ हे उत्तर म्हणूनच येथे पुरेसे ठरत नाही. हेतू नसतानाही जे घडते, त्याचाच बंदोबस्त धोरणाने करावयाचा असतो.

पुढे ब्राउझरांनी आपली रीत काहीशी सुधारली. २०२० मध्ये क्रोमने आणि २०२१ मध्ये फायरफॉक्सने, एका डोमेनवरून दुसऱ्याकडे जाताना पूर्ण पत्ता न सांगता फक्त डोमेनचे नाव सांगायचे, असा नियम केला. तेवढे चांगलेच झाले. परंतु मोजणीची संहिता पानाच्या आतच बसलेली असते. तिला पत्ता विचारावा लागत नाही, तो समोरच लिहिलेला असतो. शिवाय धोका केवळ प्रश्नचिन्हाच्या पुढेच असतो असेही नाही. मे २०२३ मध्ये ब्रिटनच्या ‘ऑब्झर्व्हर’ ह्या रविवारच्या वृत्तपत्राने दाखवून दिले की तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या २० ट्रस्टांच्या संकेतस्थळांवर फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीचे मोजणीचे साधन बसवलेले होते आणि कोणी कोणती पाने पाहिली ते त्या कंपनीकडे जात होते. रुग्णालयाच्या संकेतस्थळावर एड्सविषयीचे, गर्भपाताविषयीचे किंवा मानसिक आजाराविषयीचे पान उघडणाऱ्याचे नाव लिहून घेण्याची गरज उरत नाही. पानाचा मार्ग आणि यंत्राचा आयपी पत्ता एवढ्यावर पुष्कळ काही ओळखता येते.

ही साधने बहुधा फुकट मिळतात म्हणून ती सर्वत्र पोचली. गूगलने २००५ मध्ये अमेरिकेतील उर्चिन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिचे मोजणीचे साधन गूगल ॲनॅलिटिक्स ह्या नावाने विनामूल्य खुले केले. आजही प्रचाराच्या दुव्यांमागे ‘यूटीएम’ ह्या तीन अक्षरांनी सुरू होणारे शेपूट लागलेले दिसते. त्यातला ‘यू’ हा त्या उर्चिनचा अवशेष आहे. ज्या कंपनीचे मुख्य उत्पन्न जाहिरातींतून येते तिने जगभरच्या संकेतस्थळांची मोजणी फुकट करून देणे हे दानधर्माचे कृत्य नव्हे, हे निराळे सांगावयास नको. त्याहून लक्षणीय आहे ती जबाबदारीची वाटणी. ज्यावरून व्यक्ती ओळखता येईल अशी माहिती आमच्याकडे पाठवू नये, अशी अट ही कंपनी संकेतस्थळाच्या मालकावर घालते. पत्त्यात ई-मेल गेला तर नियमभंग मालकाचा. यंत्रणा त्यांची, मूळची मांडणी त्यांची. चूक मात्र तालुक्याच्या कचेरीची किंवा ग्रंथालयाच्या चिटणिसाची, असा हा करार आहे.

आता डोमेनकडे वळू. जमिनीच्या मोजणीत हद्दीच्या खुणा कोठे रोवल्या ह्यावर सारे अवलंबून असते. येथेही तसेच आहे. एका संस्थेचे मुख्य संकेतस्थळ एका डोमेनवर, अर्ज भरण्याचे दुसऱ्यावर आणि पैसे भरण्याचे तिसऱ्यावर असते. ही तिन्ही एकाच संस्थेची आहेत असे यंत्रणेला सांगितले नाही तर एकच नागरिक तीन माणसे म्हणून मोजला जातो, आणि आपल्याच दुसऱ्या खोलीतून आलेला माणूस बाहेरून आलेला पाहुणा ठरतो. ते टाळण्यासाठी ‘आपल्या’ डोमेनची यादी करण्याची सोय असते. एका डोमेनवरून दुसऱ्याकडे जाताना त्या माणसाला दिलेला क्रमांक दुव्याला जोडून पुढे पाठवता येतो, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी एकमेकींना जुळतात. अर्ज नेमका कोणत्या पायरीवर अडतो हे कळण्यासाठी एवढे जोडकाम योग्यच आहे.

परंतु ही यादी कोठे थांबावी? ह्या प्रश्नाचा इतिहास संगणकांच्या जाळ्याहून जुना आहे. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी सरकारने ‘सफारी’ नावाची योजना आखली होती. प्रत्येक नागरिकाला दिलेला एकच क्रमांक आधाराला घेऊन निरनिराळ्या खात्यांची दफ्तरे संगणकाने परस्परांशी जोडावीत, अशी ती कल्पना होती. २१ मार्च १९७४ रोजी ‘ल मोंद’ ह्या दैनिकाने तिला वाचा फोडली. सफारी म्हणजे शिकार. ‘सफारी, अर्थात फ्रेंच माणसांची शिकार’ अशा आशयाचा मथळा त्याने दिला. मोठा गदारोळ झाला. योजना मागे पडली आणि त्या मंथनातून ६ जानेवारी १९७८ चा संगणक व स्वातंत्र्य ह्यांविषयीचा कायदा आणि त्यावर देखरेख करणारा ‘क्निल’ हा आयोग जन्मास आला. खात्यांच्या नोंदी वेगवेगळ्या कपाटांत असतात हे केवळ गैरसोयीचे नसून तेच नागरिकाचे संरक्षण असू शकते, हे त्या काळच्या फ्रेंच लोकमताने ओळखले होते.

मोजणीयंत्रणेतील डोमेनची यादी हा त्याच प्रश्नाचा आजचा, अधिक साळसूद अवतार आहे. येथे कोणाचे दफ्तर कोणाला जोडले जात नाही. एका चौकटीत आणखी चार नावे लिहिली जातात, एवढेच. पण त्या चौकटीत शिधापत्रिकेचे, आरोग्यखात्याचे, रोजगाराचे आणि पोलिसांकडे तक्रार नोंदवण्याचे अशी सारी संकेतस्थळे एकाच क्रमांकाखाली आली, तर एका यंत्रावरून सकाळी धान्याची चौकशी करणारा, दुपारी क्षयरोगाच्या औषधाचे पान वाचणारा आणि संध्याकाळी कोणाविरुद्ध तक्रार कशी करावी हे पाहणारा माणूस एकच आहे, हे ती वही बोलू लागते. म्हणून परदेशी कंपनीच्या जागी आपले सरकार बसवले की प्रश्न सुटला, असे मानणे भाबडेपणाचे होईल. कंपनीला माझी आवड विकावयाची असते. शासनाच्या हाती मात्र मला देण्याचे आणि नाकारण्याचे सामर्थ्य असते.

युरोपातील घडामोडींतूनही हेच दिसते. २०२२ च्या आरंभी ऑस्ट्रियाच्या आणि नंतर फ्रान्सच्या नियामकांनी गूगल ॲनॅलिटिक्सचा विशिष्ट वापर बेकायदा ठरवला. कारण असे की नागरिकांची माहिती अमेरिकेत जाते आणि तेथील गुप्तचर यंत्रणांपासून तिला पुरेसे संरक्षण नाही. जुलै २०२३ मध्ये युरोपीय संघ आणि अमेरिका ह्यांच्यात नवी व्यवस्था मान्य झाली आणि ह्या आक्षेपाची धार बोथट झाली. माहिती कोणत्या देशात ठेवावी हा वाद महत्त्वाचा आहेच. पण तो राजनैतिक कराराने मिटू शकतो. मुळात किती लिहून घ्यावे आणि कोणाशी जोडावे, हा प्रश्न कराराने मिटत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. मोजणीच केली नाही तर लोकांना काय सापडत नाही, कोठे अडते, हे शासनाला कसे कळणार? आक्षेप योग्य आहे आणि मोजणी बंद करा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु अधिक लिहिले म्हणजे अधिक कळते, ही समजूत मात्र चुकीची आहे. २०१८ पासून फेसबुक आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या दुव्यांच्या शेवटी प्रत्येक वेळी निराळी अशी लांबलचक खूण चिकटवते. ती गाळण्याची सूचना दिली नाही, तर शिष्यवृत्तीचे एकच पान वहीत शेकडो निरनिराळ्या पानांच्या रूपाने उतरते आणि ते किती जणांनी वाचले हेच सांगता येत नाही. प्रश्नचिन्हापुढचा अनावश्यक भाग गाळला की नागरिकाचा खाजगीपणा राखला जातो आणि आकडाही खरा होतो. तसेच, आपल्या यादीतील डोमेनवरून आलेल्याच नोंदी स्वीकाराव्यात अशी सूचना दिली नाही, तर मोजणीची संहिता उचलून कोणीही भलत्या ठिकाणाहून खोट्या भेटी नोंदवू शकतो. अशा फुगलेल्या आकड्यांवर मग योजनेच्या यशाची भाषणे होतात.

आपल्याकडच्या परिस्थितीत तर आकड्यांचा अर्थ फारच जपून लावावा लागेल. महाराष्ट्रातील पुष्कळ लोक आपला अर्ज स्वतः भरत नाहीत. तहसील कचेरीतील सेतू केंद्रात किंवा गावच्या सेवा केंद्रात बसलेला चालक तो भरून देतो. एकाच संगणकावरून दिवसभरात अनेकांची कामे होतात. मोजणीयंत्रणेच्या लेखी मात्र तो एकच माणूस असतो. घरातला एकच मोबाइल आई, मुलगा आणि सून असे तिघे वापरतात, तेही एकच. याउलट शहरातला एक सुशिक्षित गृहस्थ घरचा संगणक, कचेरीतला संगणक आणि मोबाइल मिळून तीन माणसे ठरतो. आणखी एक सूचना नेहमी दिली जाते: कर्मचाऱ्यांचा स्वतःचा वापर मोजला जाऊ नये म्हणून कचेरीचा आयपी पत्ता वगळा. ज्या कचेरीत सेतू केंद्र त्याच जोडणीवर चालते, तेथे ह्या निरुपद्रवी सूचनेने दारात रांगेत उभे असलेले सारे नागरिक एका फटक्यात हिशेबातून पुसले जातात. मग ‘ग्रामीण भागातून ह्या सेवेला प्रतिसाद नाही’ असा अहवाल तयार होतो आणि त्यावर निर्णय घेतले जातात. ज्यांच्या नोंदी सर्वांत उघड्या पडतात तेच मोजणीत सर्वांत कमी भरतात, असा हा दुहेरी अन्याय आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. फुकटचे सोडून स्वतःची यंत्रणा उभारणे संस्थांना परवडेल काय? मुक्त परवान्याखाली मिळणारे आणि स्वतःच्याच सर्व्हरवर चालवता येणारे मोजणीचे साधन २००७ पासून उपलब्ध आहे. आरंभी त्याचे नाव पिविक होते. २०१८ पासून ते मातोमो म्हणून ओळखले जाते. पत्त्यातील कोणते शब्द गाळावयाचे, आयपी पत्त्याचा किती भाग पुसावयाचा, कोणती डोमेन स्वीकारावयाची, जुन्या नोंदी किती दिवसांनी नष्ट करावयाच्या, हे सारे त्यात संस्थेला स्वतः ठरवता येते. निव्वळ संस्थेच्या स्वतःच्या उपयोगासाठी, व्यक्तीचा माग न काढता आणि इतर संकेतस्थळांशी न जोडता मोजणी होत असेल, तर फ्रान्सचा आयोग अशा साधनाला वाचकाची पूर्वसंमती घेण्यातूनही सूट देतो. एखाद्या छोट्या नगरपालिकेला सर्व्हर चालवणे जड जाईल हे खरे. तेथे राज्याने यंत्र पुरवावे, मात्र प्रत्येक संस्थेची वही वेगळी ठेवावी. यंत्र एक असले म्हणून वही एक असण्याचे कारण नाही.

आपल्या देशात कायद्याचा आधार नाही असे नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमुखाने सांगितले. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य कर्तव्ये लागू होण्यास त्यांत १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. परंतु ह्याच कायद्याने अनुदान, सवलती, दाखले व परवाने देण्यासाठी शासनाला नागरिकाच्या संमतीवाचून माहिती हाताळण्याची वाट मोकळी ठेवली आहे, आणि केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे आपल्या काही यंत्रणांना कायद्यातून वगळू शकते. ज्याचे हात बांधावयाचे त्याच्याच हाती गाठ सोडण्याचा अधिकार दिला की संरक्षण कितपत उरते, हे वाचकांनीच ठरवावे. तात्पर्य, केवळ कायद्याकडे बोट दाखवून भागणार नाही. कचेरी-कचेरीतून प्रश्न विचारावे लागतील.

ते प्रश्न सोपे आहेत आणि त्यांना तांत्रिक ज्ञानाची गरज नाही. ह्या संकेतस्थळावर मोजणी कोण करते आणि वही कोणाकडे राहते? पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढचा कोणता भाग लिहून घेता, आणि का? कोणकोणत्या डोमेनच्या नोंदी परस्परांशी जोडल्या आहेत, आणि त्याला कोणाची मंजुरी आहे? नोंदी किती दिवस ठेवता? माहिती अधिकार कायदा, २००५ च्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपल्या कारभाराची माहिती आपण होऊन प्रसिद्ध करण्याचे बंधन घातलेले आहे. त्याच न्यायाने ही सूचनांची यादी संकेतस्थळावरच, मराठीत, कोणालाही वाचता येईल अशी लावली गेली पाहिजे. त्यात लपवण्यासारखे काही नसेल तर लावण्यास हरकत नसावी. हरकत असेल तर ती यादी पाहण्याची निकड अधिकच आहे.

ह्या सूचनांसाठी नियम असा असावा की गाळणे हा रिवाज असेल आणि लिहिणे हा अपवाद. पत्त्यातील जो शब्द कामासाठी लागतो तोच ठेवावा, बाकीचा आरंभीच टाकून द्यावा. जे डोमेन एकाच कामाची पुढची पायरी आहे तेच जोडावे, दुसऱ्या खात्याचे जोडावयाचे तर त्यासाठी लेखी, कारणांसह आणि प्रसिद्ध केलेला आदेश असावा. आरोग्य, तक्रार आणि कायदेशीर मदत ह्यांच्या पानांवर बाहेरच्या कोणाही कंपनीचे मोजणीचे साधन असू नये. खर्च ह्याला फारसा नाही. लागेल ती, कंत्राटदाराच्या माणसाने अर्ध्या तासात उरकलेले काम पुन्हा उघडून पाहण्याची तयारी. ग्रामसभेत रस्त्याचा आणि पाण्याचा हिशेब विचारणाऱ्या नागरिकाने आता आपल्या स्वतःच्या नोंदीचाही हिशेब विचारावा, आणि तो देणे हे आपल्या नोकरीचाच भाग आहे असे कचेरीने मानावे.